नीट चालणारी गाडी

इंजिन उत्तम चालत होतं. झडपांच्या टॅपेटचा आवाज एकसारखा होता आणि आयडलिंगला जराही थरथर नव्हती. रेवतीने बॉनेटवर तळहात टेकवून खात्री करून घेतली, मग फोनवर विचारलं, "काही?"

"सपाट," भिंतीपलीकडून शमीम म्हणाली.

मिरजेच्या त्या बंगल्यात गॅरेज आणि तात्यांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि खालची फरशी सलग होती. तात्या म्हणजे रेवतीचे वडील डॉ. भालचंद्र आवटी, गावातले जुने दंतवैद्य. १९६४ सालची ही हिरवी गाडी त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू दिली नव्हती. कार्ब्युरेटरची मागची बाजू ते दात तपासायच्या आरशाने बघत. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर गेले तीन महिने ते बेशुद्ध होते आणि श्वसनयंत्रावर होते. जाणिवेची निर्विवाद खूण दिसली नाही, तर महिनाअखेरीस यंत्र काढायचं असं वैद्यकीय समितीने ठरवलं होतं.

रेवती ध्वनिशास्त्रज्ञ होती. तात्यांना सगळ्यात ओळखीचा असलेला आवाज ऐकवला तर ते जागे होतील, अशी तिची अटकळ होती. जुन्या रेकॉर्डिंगवर काही घडलं नाही, कारण फरशीतून अंगात शिरणारी थरथर त्यात नव्हती. म्हणून तिने धूळ खात पडलेली गाडीच दुरुस्तीला काढली. जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहत दोन आठवडे खपून तिने इंजिनाचा आवाज हुबेहूब जुळवला होता.

तिने इंजिन बंद केलं आणि ती खोलीत आली. तात्यांच्या डोक्याला शमीमच्या अपेक्षालेखकाची, मेंदूतल्या लहरी टिपणाऱ्या यंत्राची, जाळी होती आणि पडद्यावर एक आडवी रेघ. शमीम मुजावर मेंदूविकारतज्ज्ञ होती, आणि त्याआधी शाळेत रेवतीच्या बाकावरची.

"चुकलं कुठे?" रेवतीने विचारलं.

"चुकलं नाही, हीच अडचण आहे. हे बघ, मेंदू नुसता ऐकत नसतो, अंदाज बांधत असतो. पुढच्या क्षणी काय ऐकू येणार ते आधीच ठरवतो आणि आलेला आवाज त्याच्याशी ताडून पाहतो. जुळला तर विषय संपला, वर कळवायची गरज नाही. नाही जुळला, तरच अपेक्षाभंगाची लहर उठते. माणसाला जागं करते ती ही लहर."

"म्हणजे गाडी नीट चालली तर..."

"त्यांच्यासाठी ती शांतताच."

"आणि माझा आवाज? रोज तासभर बोलते मी त्यांच्याशी."

"गाडी त्यांनी चाळीस वर्षं कान देऊन ऐकली. तुझं कधी ऐकलं?"

रेवतीला हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. ती परत गॅरेजमध्ये गेली, इंजिन चालू केलं आणि रबरी मुठीच्या पक्कडीने चारपैकी एका स्पार्क प्लगची वायर उपसली. एक सिलिंडर बंद पडून इंजिन लंगडायला लागलं.

"उठली," फोनवर शमीमचा आवाज चिरकला. "रेवती, लहर उठली."

दुसऱ्या दिवशी त्याच बिघाडाने निम्मी लहर उठली आणि तिसऱ्या दिवशी जवळजवळ काहीच नाही. मेंदू शिकत होता. मग रेवतीने ठिणगीचं टायमिंग मागेपुढे केलं. टॅपेटची फट वाढवली, कार्ब्युरेटरमध्ये हवा जास्त सोडली, फॅनचा पट्टा सैल केला. सकाळी बिघडवायची आणि दुपारी ते तसंच ठेवून नवं काही शोधायची, कारण दुरुस्तीला वेळच नव्हता. टायमिंगच्या दिवशी तात्यांच्या पापण्या हलल्या होत्या. त्या हलण्यावर तिने पुढचे कितीतरी दिवस काढले.

पण लहरी खुरटत चालल्या. नवे बिघाडसुद्धा आता रेघ जेमतेम हलवत होते. शेवटी तिने इंजिनातलं तेल काढून टाकलं आणि तसंच ते चालू ठेवलं. आतून ठणठण सुरू झाली. बेअरिंगं जळाल्याचा वास आला आणि एक जोराचा दणका देऊन इंजिन जाम झालं. हा आवाज या गाडीने जन्मात कधी केला नव्हता.

"सांग," ती म्हणाली.

"सपाट."

रेवती गॅरेजच्या पायरीवर बसून राहिली. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. वडिलांची गाडी मारली आणि वडील होते तसेच. शमीम बाहेर येऊन तिच्या शेजारी बसली.

"असं कसं होईल?" रेवती म्हणाली. "हे त्यांनी कधीच ऐकलेलं नाही."

"आवाज ऐकलेला नाही. पण आपण दोन आठवडे त्यांना काय शिकवलं? गाडी रोज बिघडणार. कशी ते ठाऊक नाही, पण बिघडणार हे ठाऊक. त्यांची अपेक्षाच ती झाली."

"मग आता कशाने धक्का बसेल त्यांना?"

उत्तर रेवतीला स्वतःलाच सुचलं आणि तिने जाम झालेल्या इंजिनाकडे पाहिलं.

"नीट चालली तर," ती म्हणाली.

"तशीच दुसरी गाडी मिळेल की. कोल्हापुरात आहेत लोकांकडे."

"परक्या गाडीकडून त्यांची अपेक्षाच काय? भंग कशाचा होणार? हे तूच शिकवलंस मला."

समिती यायला आठवडा उरला होता. रेवतीने चेन-ब्लॉकची कप्पी लावून इंजिन बाहेर काढलं आणि गॅरेजच्या जमिनीवर सुटं केलं. क्रँकशाफ्ट शिरोलीच्या वर्कशॉपमधल्या लेथवर घासून आणला. बेअरिंगं आणि पिस्टन रिंगा जुन्या गाड्यांच्या एका संग्राहकाच्या हातापाया पडून मिळवल्या. तात्यांच्या आरशाने ती प्रत्येक खाच बघत होती आणि प्रत्येक बोल्ट आवळताना तिला वाटत होतं की हा सैल राहिला तर सगळं गेलं. कारण चाचणी घेता येणार नव्हती. चाचणीचा आवाज फरशीतून तात्यांपर्यंत पोचला असता आणि तो एकमेव धक्का वाया गेला असता. बाहेर नेऊन चालवून बघण्याइतके दिवस हातात नव्हते.

शेवटचा बोल्ट बसला तेव्हा समितीचे डॉ. हेरवाडे दारात उभे होते. शमीमने त्यांना खोलीत नेऊन पडदा दाखवला.

"मॅडम, मी रेघा मोजत नाही," ते शांतपणे म्हणाले. "पेशंटने जाणीवपूर्वक काहीतरी करायला हवं, आणि ते माझ्यासमोर. तुम्ही नातेवाइकांना फार दिवस आशेवर ठेवलंत."

रेवतीने फोन पंख्याच्या आवरणाजवळ ठेवून किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिन उठलं नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. चोक थोडा आत सारून तिने तिसऱ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा चारही सिलिंडर एकदम पेटले आणि इंजिनाने एक लय धरली.

"उठली," शमीम म्हणाली. "एवढी कधीच नव्हती. डोळे उघडलेत, रेवती. तात्यांनी डोळे उघडलेत."

"डोळे आपोआपही उघडतात," शमीमच्या मागून हेरवाडे म्हणाले. "नजर माझ्याकडे वळत नाही."

इंजिन सुरेख चालत राहिलं. मिनिट गेलं, दुसरं गेलं.

"उतरतेय," शमीमचा आवाज खाली आला. "शिकले ते. रेवती, खाली येतेय लहर. पापण्या मिटायला लागल्या."

हीच ती नीट चालणारी गाडी होती जिने पहिल्या दिवशी काहीच साधलं नव्हतं. म्हणजे तात्यांची अपेक्षा पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. आणि तसं असेल, तर जे बिघाड त्यांना पाठ झाले होते, ते सगळे आता परत नवे झाले होते. रेवतीने पक्कड उचलली आणि क्षणभर थांबली. तीन आठवड्यांनंतर आत्ता कुठे ते इंजिन असं वाजत होतं.

तिने वायर उपसली. गाडी लंगडायला लागली.

मग फोनवर आवाज आला तो हेरवाड्यांचा.

"कितवी वायर काढलीत?"

"तिसरी. का?"

"ती परत लावा. थोडं थांबून दुसरी कुठलीही काढा. कुठली ते मला सांगू नका, शमीम मॅडमनाही."

रेवतीने तिसरी वायर बसवली. इंजिन पुन्हा लयीत येईपर्यंत तिने वाट पाहिली. मग तिने अगदी टोकाची वायर ओढली.

इंजिन पुन्हा लंगडायला लागलं.

"चौथी?" हेरवाडे म्हणाले.

"हो. तुम्हाला कसं..."

"मला नाही. त्यांना कळलं, नुसत्या आवाजावरून. मघाशी तीन बोटं वर केली होती, आता चार केलीत. मी यंत्र काढत नाही, बाई."

रेवतीने बॉनेटच्या कडेला कपाळ टेकलं. फोनवर आता शमीम होती.

"वायर लाव आधी," ती म्हणाली. "तात्या चिडलेत."