शून्य क्रमांकाचे ठोके

आमच्या हॉस्पिटलच्या आयसीयूत बारा बेड आहेत. प्रत्येक बेडच्या उशाशी एक मॉनिटर, आणि त्याची वायर भिंतीतून मागच्या खोलीतल्या सर्व्हरला जोडलेली. सर्व्हर माझ्या ताब्यात, आयसीयू माझ्या सख्ख्या मावशीच्या. ती तिथली मुख्य नर्स. घरी मी तिला अगंतुगं करते, कामावर 'अहो सिस्टर' म्हणते. घाईत दोन्हींची सरमिसळ होऊन 'अगं सिस्टर' निघून जातं.

सर्व्हर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एका फाइलचं नाव आणि क्रमांक देतो. मोजणी शून्यापासून. जे आधी सापडेल त्याला शून्य, पुढच्याला एक. म्हणजे पहिला बेड शून्य, बारावा अकरा; नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर त्याच क्रमाने सगळ्या बेडचे ठोके दिसतात. सात वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं, म्हणून मी त्याच्या वाटेला गेले नव्हते.

त्या मंगळवारी सकाळी मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. दहा मिनिटांत मावशी दारात.

"एक नंबरचा बेड कालपासून रिकामा आहे," ती म्हणाली. "स्क्रीनवर तिथे ठोके दिसतायत."

"दुसऱ्या कुणाचे सरकले असतील."

मी तिच्यामागे धावले. डॉक्टर पाचव्या बेडकडे झेपावले होते, कारण स्क्रीनवर पाचचे ठोके अडखळत होते. पाचवरच्या बाई पेपर वाचत होत्या. अडखळत होते चारवरच्या आजोबांचे. मावशीने त्यांच्या ओठांचा रंग पाहिला आणि ओरडून डॉक्टरांना वळवलं. आजोबा वाचले, पण अगदी थोडक्यात.

मी यादी उघडली. ती अकरावर संपायला हवी होती. शेवटचा क्रमांक बारा होता.

म्हणजे उपकरणं तेरा. सगळ्यांच्या आधी काहीतरी सापडलं होतं आणि शून्य घेऊन बसलं होतं. बाकीचे सगळे एकेक घर पुढे ढकलले गेले होते.

"हे परत होऊ देणार नाही," मी मावशीला सांगितलं. "नाडी हाताने बघत राहा. मला दुपारपर्यंत वेळ दे."

मी बेडमागे गुडघ्यांवर रांगून बाराही मॉनिटरच्या पाठीवरचे कारखान्यातले नंबर उतरवून घेतले. मग सर्व्हरला बारा ओळींचा नियम लिहून दिला: कोण आधी सापडलं ते बघायचं नाही, अंगावरचा नंबर बघायचा आणि ज्याच्या त्याच्या बेडचाच क्रमांक द्यायचा. मावशीने एकेका मनगटावर बोटं ठेवून स्क्रीनशी ताळा जुळवला. अकराच्या अकरा बरोबर, आणि रिकाम्या एक नंबरवर काहीच नाही.

तेरावं तसंच राहिलं.

त्याच्या अंगावरचा नंबर विचारला, तर उत्तराची ओळ कोरी आली. सर्व्हरच्या मागे वायरी बाराच होत्या. मी प्रत्येक हाताने चाचपली. मग रुग्णाशेजारी नर्स उभी करून एकेक वायर काढून लावली. प्रत्येक वेळी यादीतून एकच नाव जाई आणि परत येई. ते मात्र हललं नाही.

शेवटी मी त्याची फाइल उघडली. मिनिटाला बहात्तर ठोके. एकसारखे.

"बंद करून टाका," मावशीबरोबर मागे येऊन उभे राहिलेले डॉक्टर म्हणाले. "कुणाच्या जिवाशी खेळ नको."

काम एका ओळीचं होतं. अनोळखी उपकरण नाकारायचं. मी ओळ लिहिली आणि बटणावर बोट ठेवलं.

ठोके नव्वदवर गेले.

मग एकशे दहा.

मी बोट उचललं. ते हळूहळू खाली आले.

मी पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा एकशे दहा.

"अगं, घाबरतंय ते," मावशी पुटपुटली.

मी ओळ पुसली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी ठरवलं होतं. माझ्या बारा बेडना धक्का लागायला नको, एवढंच मला हवं होतं. मी नवी ओळ लिहिली: तेरा क्रमांक याचा, कायमचा. मग तीनदा सर्व्हर बंद-चालू केला. तिन्ही वेळा आजोबा चारवर, बाई पाचवर, आणि ते सगळ्यांत शेवटी, तेरावर. संध्याकाळी घरी जाताना माझे गुडघे सोलवटलेले होते, पण मन निवांत होतं.

बुधवारी सकाळी मी आले, तेव्हा यादीत चौदा नावं होती.

बेड कुणाचेच सरकले नव्हते. तेराचे ठोके बहात्तर. मी चौदावी फाइल उघडली आणि मावशीला हाक मारली.

ती माझ्या खांद्यामागे उभी राहून बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिली. एकशे चाळीस. एकशे बेचाळीस. एकशे चाळीस.

"हेपण घाबरलंय का गं?" मी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "पोटातल्या बाळाचे असेच पडतात."