टेकडीभोवतीचे स्वार

शेकोटीत वाळलं शेण सारा अजून, आणि घोडे नीट बांधलेत का पाहून या. मग सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. आपलं घर म्हणजे गाडीच, आणि ओर्सिकची गाडी आमच्या गाडीला लागूनच असायची.

राजाला मातीआड करून वर्ष भरलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे पन्नास जवान निवडले. त्यांचे गळे आवळले, घोड्यांचेही आवळले, पोटांत भुसा भरला, आणि मेलेल्या घोड्यांवर मेलेले स्वार बसवून राजाच्या थडग्यावर रचलेल्या टेकडीभोवती खांबांच्या आधाराने उभे केले. ओर्सिकने आपण होऊन पोराचं नाव दिलं होतं. मदाव. एकोणीस वर्षांचा.

पुढे तिसऱ्या अमावास्येला पहिलं हिव पडलं. ओर्सिकची बायको तिर्गा झोपेना. पोर उघड्यावर आहे, त्याच्या अंगावर हा नमदा घालून या, म्हणाली. मेलेल्याला कसली थंडी, म्हणून ओर्सिकने कूस बदलली.

"राजाला पोर द्यायला तुमचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला," ती म्हणाली. "आता एवढं पांघरूण न्यायला जड होतंय?"

तो उठला. लोकरीचा जाड नमदा काखेत मारला, करडी घोडी काढली आणि निघाला.

टेकडीपाशी वारा पडला होता. नुसता ताऱ्यांचा उजेड. स्वार काळे, ताठ. घोडी पुढे पाऊल टाकेना, तेव्हा तिला कडेच्या खांबाला बांधून तो पायी गेला. मदाव सातवा. त्याने नमदा पोराच्या खांद्यांवर टाकला, पुढून गाठ मारली. खांदे लाकडासारखे. गार.

मग त्याचा हात घोड्याच्या मानेला लागला.

मान ऊन होती.

"मदाव..."

पलीकडे कुठे तरी लगाम खुळखुळला. मग दुसरा. मग... काहीच नाही.

मागे घोडी हुंकारली. भ्यायलेली नाही. हळूच. ओळख पटावी तशी...

तो धावत आला. घोडी घामाने निथळत होती. एवढ्या थंडीत. मागे न बघता त्याने तिला पिटाळलं. घरी तिर्गाला एवढंच म्हणाला, "घातलं." बाकीचं त्याने एकदाच सांगितलं, मला.

त्या घोडीला कुणी घोडा दाखवला नव्हता. अकरा महिन्यांनी, पुन्हा हिव पडलं त्या पहाटे, ती व्याली. मशाल मीच धरली होती. शिंगरू काळंभोर, देखणं. लगेच पायांवर उभं राहिलं.

थंडी मरणाची. घोडीच्या नाकातून वाफ निघत होती. ओर्सिकच्या, तिर्गाच्या, माझ्याही.

शिंगराच्या नाकातून... नव्हती.