सफरचंदावरचे आणि कुंपणावरचे

सायकल गवतात तशीच लोटून योलाना ओरडली, “अहो, थांबा! करवत खाली ठेवा आधी!”

कुंपणाशी उभा असलेला तरुण, हिनेक, दचकला. हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांच्या त्या कुंपणावर पांढरी रेशमी जाळी पसरली होती.

“कुंपण तुमचं आहे का?” त्यानं विचारलं.

“नाही. पण ते निर्दोष असावं, असं वाटतंय.”

हिनेकला हसू आलं. त्याच्या सफरचंदाच्या झाडाची पानं अळ्यांनी फस्त केली होती आणि कुंपणावरही तशीच जाळी. कीड तिथूनच आली म्हणून काका रोज मागे लागले होते— तोडून टाक. खरं तर वसंतात पांढऱ्या फुलांनी लवणारं ते कुंपण तोडायचं हिनेकच्या जिवावर आलं होतं.

ब्रनोच्या विद्यापीठात कीटकशास्त्र शिकलेली योलाना दोन्हीकडचे कोश वाकून न्याहाळत राहिली… जरा जास्तच वेळ.

“पतंगांच्या दोन जाती असाव्यात. सख्ख्या बहिणीच म्हणा. पण एक सहसा दुसरीच्या झाडाला तोंड लावत नाही. पतंग बाहेर येऊ देत, मग सांगते.”

“आणि तोवर काकांना काय सांगू?”

“सांगा, विज्ञानाला घाई चालत नाही.”

दोन बरण्यांत कोश असलेल्या दोन डहाळ्या हिनेकच्या खिडकीत बसल्या. योलाना एक दिवसाआड येऊ लागली. हिनेक कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव, पुढे करायचा, प्रश्न विचारायचा. अळ्या मिळून का राहतात? जाळं कशाला? तिला ते प्रश्न आवडायचे. विचारताना तिरपी होणारी त्याची मान… तीही.

जुलैत पतंग निघाले. एकाच भिंगावर दोन डोकी वाकली. पांढरे पंख, काळे ठिपके. इकडेही, तिकडेही.

“हे तर हुबेहूब सारखे! मग ओळखायचं कसं?”

“कोशांवरून. सफरचंदावरचे खांद्याला खांदा लावून दाटीनं लटकतात. कुंपणावरचे विरळ, आरपार दिसेल इतके पातळ—” ती एकदम थांबली.

“कोश तर तुम्ही पहिल्याच दिवशी पाहिलेत.”

“…हो.”

“म्हणजे तेव्हाच कळलं होतं?”

“हो.”

“आणि मी इकडे तीन आठवडे काकांची बोलणी खातोय!”

योलानाचे कान लाल झाले. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला कधीच जमलं नव्हतं.

“कुंपण तोडू नका… आणि मला ‘तुम्ही’ म्हणणं सोड.”

हिनेकनं खिडकी उघडली. पतंग भिरभिरत गेले.

“कुंपण वाचलं,” तो हळूच म्हणाला. “मग उद्या कशासाठी येशील?”

“तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “कारणं शोधून दमले आता.”