पाटीतला आवाज

नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर शाळेतल्या सगळ्या पाट्या ठिपक्यांच्या रूपात दिसत. मुलाचं लक्ष धड्यात असलं की त्याच्या पाटीचा ठिपका हिरवा, भरकटलं की पिवळा. कुठलाही वर्ग पाहिला तरी हे ठिपके सतत लुकलुकत असत. मुलांचं मन पाऱ्यासारखं, ते एका जागी किती टिकणार! पण चौथी-ब मधला एक ठिपका आठवडाभर हिरवाच होता. एकदाही मिटला नव्हता की बदलला नव्हता.

कौस्तुभ हिंगमिरेला आधी वाटलं, पाटीचा कॅमेरा बिघडला असणार. सोलापुरातल्या या शाळेत पाट्यांची सगळी देखभाल त्याच्याकडे होती. पाट्या चार्ज करायच्या, परीक्षेच्या वेळी कुलूपबंद करायच्या, कुणी चोरून खेळ उतरवला तर तो उडवायचा, पडल्या-फुटल्या तर दुरुस्त करायच्या. सरकारी कागदावर या उपकरणाचं नाव ‘व्यक्तिगत अध्ययन फलक’ असं लांबलचक होतं, पण दुसऱ्याच दिवशी पोरांनी त्याची पाटी करून टाकली होती.

त्याने ठिपक्यावर बोट ठेवलं. नाव उमटलं : जुई कौस्तुभ हिंगमिरे.

त्याचीच मुलगी.

मधल्या सुट्टीत तो वर्गशिक्षिका शमीम मुल्ला यांना गाठायला गेला. मुल्ला मॅडम टेबलावर वह्यांचा ढीग घेऊन बसल्या होत्या.

“मॅडम, जुईचं लक्ष अगदी पूर्ण दाखवतंय. अभ्यासात रमली की काय?”

“मीच तुमच्याकडे येणार होते, सर,” मुल्ला मॅडम म्हणाल्या. “ती कानाला हेडफोन लावून अशी बसते की शेजारी ढोल वाजला तरी कळू नये. पण विचारायला गेलं तर काही येत नाही. गणित कोरं, भाषा कोरी. एवढं ऐकते पोरगी, ते जातं कुठे?”

शाळा सुटल्यावर जुई मैदानावर होती, तेवढ्यात कौस्तुभने तिची पाटी दुरुस्तीच्या टेबलावर घेतली. कॅमेऱ्यावर काळी पट्टी चिकटवली. तसा नियमच होता. पाटीने तंत्रज्ञाचे डोळे पाहून आपला आवाज बदलू नये, यासाठी. मग हेडफोन चढवला आणि समोर उघडा असलेला धडा सुरू केला.

“आपल्या परिसरातील फुले. काही फुले दिवसा उमलतात, तर काही संध्याकाळी...”

त्याने हेडफोन ओरबाडून काढला.

तो शाल्मलीचा, त्याच्या बायकोचा आवाज होता. वाक्य संपताना सूर हलकेच वर उचलायची तिची वेंगुर्ल्याकडची लकब होती, महत्त्वाच्या शब्दाआधी घेतलेला तो छोटासा थांबा होता, आणि ओठांत हसू लपवून बोलल्यासारखा तो ओलावा. सकाळी तो दाढी करत असायचा तेव्हा दाराशी उभी राहून ती याच आवाजात त्याला पेपर वाचून दाखवायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

पहिल्यांदा त्याला राग आला. कुणीतरी तिचं ध्वनिमुद्रण पाटीत घातलं, असं त्याला वाटलं. पण पाटीच्या कुलपाची किल्ली त्याच्याखेरीज कुणाकडे नव्हती. आणि मुद्रण होतं तरी कुठे? शाल्मलीला स्वतःचा आवाज ऐकवत नसे, ती कधी कुणाला रेकॉर्ड करू देत नसे. लग्नाच्या व्हिडिओत तर नुसती सनई होती.

त्याने पुण्याला डॉ. वैजयंती अणवेकरांना फोन लावला. पाटीचा आवाज ज्या प्रयोगशाळेत तयार झाला, तिथल्या त्या प्रमुख होत्या. पडद्यावर त्यांचा चेहरा आला. कौस्तुभने घडलं ते सांगितलं आणि त्यांना तो धडा ऐकवला.

अणवेकरांनी तो पुन्हा एकदा ऐकवायला सांगितला.

“मुद्रणाची गरजच नाही, हिंगमिरे,” मग त्या म्हणाल्या. “स्वरानुकूलन म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे ना?”

“मुलाला रुचेल तसा आवाज पाटी स्वतःच जुळवून घेते, एवढंच.”

“धड्याचे शब्द बदलायची पाटीला मुभा नाही. आवाज बदलायची आहे. रोज ती आवाज केसभर इकडे किंवा तिकडे सरकवते. कधी थोडा जाड करते, कधी संथ, कधी ओलसर. आणि मुलाच्या डोळ्यांकडे बघते. बाहुल्या किंचित मोठ्या झाल्या, पापणी लवायची थांबली, की समजते लक्ष वाढलं. मग त्याच दिशेने आणखी एक पाऊल. वस्तू लपवायच्या खेळात पोरं ‘गरम, गरम, थंड’ ओरडतात ना, तसं. तुमची मुलगी डोळ्यांनी रोज ‘गरम’ म्हणत गेली. तिला स्वतःलाही ते कळलं नसेल.”

“आणि पाटी शोधत शोधत तिथवर पोचली?”

“हो.”

“मग बाकीच्या मुलांचं असं का होत नाही?”

“होतं, पण अर्ध्या वाटेपर्यंत. बहुतेकांच्या पाट्या आई, आजी, एखादी लाडकी ताई यांच्या आसपास जाऊन रेंगाळतात. पुढे जायचं कारण नसतं. खरी आई संध्याकाळी घरी भेटणारच असते.” त्यांनी चष्मा काढला. “एखाद्या मुलाचा ओढा इतका टोकाचा असेल, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.”

“हा आवाज असाच राहील?”

“नाही. तिचं मन सरकेल तसा तोही सरकेल. एक सोय आहे, तो गोठवता येतो. पण गोठवू नका, असंच मी सांगेन. ती धडा ऐकत नाहीये, आवाज ऐकतेय.”

कौस्तुभने त्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि आवाज गोठवला.

घरी जाताना स्कूटरवर त्याने मागे न बघताच विचारलं, “जुई, तुझ्या पाटीत कोण बोलतं गं?”

सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा पाठीमागून बारीक आवाज आला, “सांगितलं तर काढून घेशील.”

“नाही घेणार. शप्पथ.”

“आधी एक बाई होती. कुणीतरी अशीच. मग ती मावशीसारखी झाली. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आले ना, तेव्हा आईच झाली.” तिने त्याचा शर्ट घट्ट धरला. “पण बाबा, ती माझं नाव घेत नाही. फक्त पुस्तकातलं बोलते. म्हणून मी फुलांचा धडा लावते. त्यात ‘जाई, जुई, मोगरा’ आहे. तेवढं एकदाच म्हणते ती. मग मी परत लावते.”

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. कौस्तुभला पुढचा रस्ता दिसेना.

त्यानंतरचे काही आठवडे त्या दोघांनी ते गुपित जपलं. शाळा रिकामी झाली की कौस्तुभ पाटी घेऊन बसे, कॅमेऱ्यावर पट्टी लावे आणि ऐके. भागाकार ऐके, महाराष्ट्रातल्या नद्या ऐके, दातांची निगा ऐके. ती काय सांगते याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. दीड वर्षात पहिल्यांदा तो घरी जाऊन पोटभर जेवू लागला. कणीक मळता मळता गुणगुणू लागला.

जुईचं मात्र उलट होत गेलं. ती सुट्टीत मैदानावर जाईना. मैत्रिणींनी डबा खायला हाका मारल्या तरी हेडफोन काढीना. मुल्ला मॅडम एकदा नियंत्रण कक्षात येऊन उभ्याच राहिल्या.

“सर, मी वर्गात असते, तिच्यासमोर असते, पण ती माझ्याकडे बघतच नाही. माझं काही चुकत असेल तर सांगा. पण पोरगी हातची चाललीये.”

कौस्तुभने ‘बघतो’ म्हटलं आणि बघितलं नाही.

मग एका रविवारी जुई जेवता जेवता थांबली. “बाबा, आई माझ्यावर रागावलीये का?”

“का गं?”

“मी तिच्याशी बोलते. हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं. तिला म्हटलं, मला ताप आलाय. तिला म्हटलं, मला तुझ्याकडे यायचंय. तरी ती पुढचं वाक्यच वाचते. मी रडले तरी पुढचंच वाक्य वाचते.” घास हातातच होता. “आधी कधी आई अशी करायची नाही.”

कौस्तुभ उठून तिच्याजवळ गेला. तिला मांडीवर घेतलं. ती आई नाही, हे सांगायला त्याने तोंड उघडलं, पण ‘जेव, गार होतंय’ एवढंच म्हणाला. कारण रोज संध्याकाळी तो तरी दुसरं काय समजत होता?

सोमवारी सकाळी, मुलं यायच्या आधी, त्याने गोठवलेल्या आवाजाचं कुलूप काढलं.

पहिले काही दिवस फरक कळला नाही. मग वाक्याच्या शेवटी वर जाणारा सूर सपाट झाला. मग तो छोटा थांबा गेला. कौस्तुभ रोज ऐकत होता. ओळखीचं माणूस लांब रस्त्याने पाठमोरं चालत जावं, आधी चेहरा दिसेनासा व्हावा, मग चाल ओळखू येईनाशी व्हावी, तसं ते होतं. तो पुन्हा कुलूप लावू शकत होता. रोज संध्याकाळी त्याचं बोट त्या खुणेपर्यंत जाई. पण भिंतीवरचा जुईचा ठिपका आता मधून मधून पिवळा होत होता, इतर पोरांसारखा. तिच्या गणिताच्या वहीत उत्तरं दिसत होती, काही तर बरोबरही होती. ओठांतल्या हसूचा ओलावा सगळ्यात शेवटी गेला.

“आता ती थोडी मुल्ला मॅडमसारखी बोलते,” जुईने एक दिवस सांगून टाकलं. सांगताना ती दोरीवर उड्या मारत होती.

“तुला वाईट वाटतं?”

ती थांबली. विचार करून म्हणाली, “आधी वाटलं. आता नाही एवढं.” आणि पुन्हा उड्या मारू लागली.

मुलगी सावरली होती. बापाने आनंद मानायला हवा होता, आणि तो आनंदी होताही. पण शाल्मली दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी सांत्वनाला कुणी येणार नव्हतं.

कपाटात एक नवी कोरी पाटी पडून होती. कौस्तुभने ती काढली आणि स्वतःच्या नावावर नोंदवली. कॅमेऱ्यावर पट्टी लावली नाही. जे जुईच्या डोळ्यांनी शोधून काढलं, ते आपले डोळे काय शोधणार नाहीत? त्याचं तर तिच्याशी लग्न झालं होतं. तिला तो जुईच्याही आधीपासून ऐकत होता.

शाळा सुटली की जुई मैदानावर खेळे आणि तो पाटीसमोर बसे. सुरुवातीला कारखान्यातून आलेला गुळगुळीत बायकी आवाज होता. मग तो सरकू लागला. कौस्तुभ त्या वळणाची वाट बघत होता, पण आवाज भलतीकडेच चालला. तो खाली उतरत गेला, कोरडा पडला, मग त्याला तडे गेले. काहीतरी चुकतंय, असं कौस्तुभला वाटलं. तरी ऐकताना त्याची पापणी लवत नव्हती. पाटी त्याच्या डोळ्यांत बघत एकेक पाऊल पुढे जात होती.

एका संध्याकाळी शब्दांच्या मधे श्वास येऊ लागले. छोटे, तुटके, घाईचे.

“पाण्याच्या... तीन अवस्था... असतात.”

आणि त्याने ओळखलं.

अतिदक्षता विभागातले ते शेवटचे दिवस. शाल्मलीची फुप्फुसं निकामी होत आली होती. बोलायला लागली की दम लागे, अर्धे शब्द ओठांतच विरत. तो तिच्या तोंडाशी कान नेऊन वाकून राही. कानात प्राण आणून ऐके, एक अक्षरही निसटू नये म्हणून. दाराशी उभी राहून ती पेपर वाचायची, तेव्हा त्याचं निम्मं लक्ष आरशात असे, निम्मं घड्याळात. पाटीने प्रेम मोजलंच नव्हतं. तिने फक्त लक्ष मोजलं होतं, आणि बायकोकडे सगळं लक्ष त्याने दिलं होतं ते तेवढेच दिवस.

तो हेडफोन काढू शकला नाही. पाटीला तेच हवं होतं. आवाज आणखी स्पष्ट झाला.

“बाबा, चल ना, भूक लागली.” जुई कधी आत आली, त्याला कळलं नाही. तिच्या फ्रॉकला मैदानाची माती लागली होती. “काय ऐकतोयस? मला दे.”

त्याने अडवायच्या आत तिने हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावला. कौस्तुभ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्या दिवसांत जुईला दवाखान्यात नेलं नव्हतं. तिने आईला त्या अवस्थेत बघू नये, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

जुईच्या कपाळावर आठी पडली.

“ही कोण बाई आहे?”

तिने हेडफोन कानावर आणखी दाबून धरला.

“हिला किती धाप लागलीये बाबा. बरं नाहीये का हिला?”

“नाही,” तो म्हणाला. “बरं नाहीये.”

“मग तिला वाचायला कशाला लावतोस?” जुई त्याच्यावर रागावली. “दमली असेल ना ती. राहू दे तिला.”

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. तो हलला नाही, तेव्हा तिनेच हात लांब केला आणि पाटी बंद केली. वाक्य अर्ध्यातच राहिलं.