चाबूक न पाहिलेलं शिंगरू

घोडीला नाल मारायचे होते, एवढंच काम. दुसरं काही न्हाई. वसंता तेवढ्यासाठीच माझ्याकडं आल्ता, हितंच शहागडला, ह्याच छपरात.

कल्याण, तो मोबाईल खाली ठेव बरं. उजेड सगळा माझ्या डोळ्यात मारून राह्यला तू. लाईट येईल तेव्हा येईल, तुझं टट्टू काही पळून जात न्हाई. सकाळी नाल मारू. आणि तो साज, स्वस्तात मिळाला म्हणून टट्टासंगं उचलून आणलास ना? तो आधी छपराच्या बाहेर ठेव. हसू नका लेकाहो. का ते सांगतो, मंग हसा खुशाल.

वसंता तुम्हाला माहीत न्हाई. हायवे सोडून आत, ओढ्याच्या पल्याड त्याचं शेत. कपाशी लावायचा, पण जीव सगळा घोड्यांत. पाच-सहा टट्टं, लग्नाची एक पांढरी घोडी, एक बग्गी. उजाडायच्या आत नवरा-बायको उठून लीद काढायचे, खरारा करायचे, भिजवलेले हरभरे तोबऱ्यात भरायचे. बायको ज्योत्स्ना, आणि पोरगी तृप्ती, नऊ-दहा वर्षांची. ती तर टट्टांच्या पायातच मोठी झाली. त्या घरात चाबूक नव्हता, बरं का. वसंता म्हणायचा, "रामरावकाका, मारानं चालतं ते जनावर भ्यालेलं असतं, शिकलेलं नसतं." भूतखेत, देवरशी काही मानायचा न्हाई. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी. लई हट्टी.

आणि एक होता पुंजाराम. टांगेवाला. मेल्या माणसाला नावं ठेवू नये म्हणतात, मी ठेवतो. कसाई होता. चाबकाच्या दांड्यानं जनावराच्या कानामागं हाणायचा. लगाम असा ओढायचा की तोंडाचे कोपरे फाटायचे. तुम्ही टांग्याच्या म्हाताऱ्या घोड्यांच्या अंगावर पांढरे पट्टे बघितलेत का? ते जन्माचे नसतात. साज घासून, मार खाऊन कातडं फाटतं, आणि जखम भरून आली की तिथं पांढरे केस उगवतात. पुंजारामच्या एकूण एक जनावराला ते होते. वरनं ह्याला खोड काय, तर लगाम उजव्या हाताला गुंडाळायचा. तीन वेढे. मी किती डोकं फोडलं त्याच्यापुढं, "अरे बाबा, लगाम धरायचा असतो, बांधायचा नसतो." तर म्हणायचा, "सुटून तर दाखवू दे घोडीला."

एका उन्हाळ्यात ओढ्याच्या पुलावर ट्रकनं भोंगा वाजवला. त्याची नवी घोडी उधळली, हा खाली पडला, आणि वेढे सुटले न्हाईत. फरफटत नेलं तिनं त्याला, टांग्यासकट. तोंड ओळखू येत नव्हतं. हाताचे वेढे मी सोडवले. मूठ उघडंना. बोटं मोडून उघडावी लागली. तो आवाज अजून हाय माझ्या कानात.

ती घोडी वसंतानं घेतली. कवडी नाव. तरणी, काळी कुळकुळीत, आणि गाभण. सौद्याला मी संगं होतो. आपल्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं देत न्हाईत, तुम्हाला ठाऊक हाय. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. पुंजारामची बायको चांगुणाबाई दारातच म्हणाली, "भाऊ, घोडी न्या. दावं न्हाई देत, साज तर बिलकुल न्हाई. मी जाळणार हाय तो. त्यांचा हात अजून सुटला न्हाई त्याच्यावरनं."

वसंता हसला. "वहिनी, चांगलं कातडं हाय. माणूस वाईट होता, त्यात कातड्याचा काय दोष?"

बाई आत गेली, कडी लावून घेतली. ह्यानं ओट्यावर पडलेला साज खांद्यावर टाकला.

वाटेत मला म्हणाला, "काका, ही तर मार खाऊन चुकली. पण हिच्या पोटातलं शिंगरू बघा. त्याला चाबूक काय असतो ते कळणार न्हाई. न मारता टांग्याला लावून दाखवतो." त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचंना. तृप्तीनं तर शिंगराचं नावसुद्धा ठेवलं, मोती.

कवडीला त्यानं पहिल्यापासून शिकवायला घेतलं. कल्याण, ऐक, तुझ्या कामाचं हाय. आधी टांगा न्हाई. लांब लगाम धरून नुसतं मागनं चालायचं. मंग हलकासा बाभळीचा ओंडका ओढायला लावायचा, मागनं आवाज येतो त्याची सवय व्हावी म्हणून. मंग रिकामा टांगा. घोडी शहाणी, भरभर शिकली. पण एक दिवस सकाळी खरारा करताना ज्योत्स्ना ओरडली, "अहो, हिचं तोंड फाटलंय! इतकं ओढत असतात का?"

वसंता भडकला. "मी? मी कधी ओढलं?"

त्यानं तोंडातलं कडियाळं बदललं. लगाम तोच ठेवला, पुंजारामचा. सांगितलं ना, हट्टी.

तर ती रात्र. तेवीस साल, गणपती बसायची आदली रात्र, सोमवार. बाजारात ही गर्दी, वाजंत्री चालू. वसंता तृप्तीला घेऊन दिवस मावळताना आला. माझ्याकडं आधीची दोन जनावरं होती, त्यामुळं निघायला त्यांना नऊ वाजले. मागच्या सीटवर जनावरांच्या चुनीचं पोतं टाकलं. पोरगी बापाजवळ पुढं बसली, मला हात केला आणि गेले.

पुढचं मला वसंतानं दवाखान्यात सांगितलं. पोरीला मी एकटीला विचारलं. तिनंही बराबर तेच सांगितलं.

पुलावर कवडी थांबली.

थरथर कापायली. वसंता म्हणाला, "चल गं बाई, चल." हातातला लगाम ढिला होता. ढिला! आणि घोडीची मान मागं ओढली जात होती. तोंड वासलेलं. फेस येत होता, लाल.

त्यानं मोबाईलची बॅटरी लावली. लगामाचे पट्टे तिच्या तोंडापासून ताणलेले होते... त्याच्या मांडीवरनं... खांद्याजवळनं... मागं गेलेले.

मागं नुसतं पोतं होतं.

फाट्!

टांग्यात चाबूक नव्हता. पण घोडीच्या पाठीवर वळ उठला. त्याच्या डोळ्यांदेखत.

फाट्! दुसरा. कातडं उललं.

तृप्ती मान वळवून मागं बघत होती. रडली न्हाई. हळूच म्हणाली, "बाबा, त्यांना सांगा ना. मोती हाय म्हणावं पोटात. मारू नका म्हणावं."

"कुणाला गं?"

पोरीची नजर मागंच.

"तृप्ते... कुणाला?"

...

वसंताचा उजवा हात आपोआप वर गेला. पट्टा मनगटावर आला. एक वेढा.

दोन.

तीन... आवळला.

समोरनं ट्रकचा उजेड आला. भोंगा. कवडी उधळली. पूल मागं पडला.

वसंतानं डाव्या हातानं पोरीला उचललं आणि कडेच्या कपाशीत फेकलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. पोटच्या पोरीला फेकलं हो त्यानं! पण फेकलं म्हणून वाचली. सीटखाली गवताचा विळा असायचा. तो हाताला लागला आणि त्याच दणक्यात हा खाली. फरफट सुरू. डांबर. खडी. पाठ सोलून निघाली. आणि तोंडाजवळ कुणीतरी हसल्यासारखं...

त्यानं विळा मारला. पट्ट्यावर लागतो का हातावर, बघितलं न्हाई. मारला. परत मारला.

पट्टा तुटला. दोन बोटंही गेली.

ट्रकवाल्यानं उचलून दवाखान्यात नेलं दोघांना. ज्योत्स्ना घरी वाट बघत होती, तर मोडका टांगा घेऊन कवडी एकटीच अंगणात आली. रक्तानं भिजलेली. कुणाचं रक्त, ते कळंना. त्या माउलीनं काय केलं असंल ते तिलाच माहीत. सगळा साज तिनं रॉकेल ओतून जाळला. वसंताच्या मनगटावर राहिलेला पट्ट्याचा तुकडा दवाखान्यातनं आणला, तोही जाळला.

घोडी शिंगरू टाकती का काय, अशी सगळ्यांना धास्ती. पण न्हाई टाकलं. माघात दिवस भरले तेव्हा मला बोलावणं आलं. वसंता तीन बोटांचा हात घोडीच्या पोटावर ठेवून बसला होता. मला म्हणाला, "काका, साज जळाला. संपलं सगळं. आता फक्त हे बघायचंय."

पहाटेच्या आधी शिंगरू पडलं. जिवंत, काळं, आईसारखं. वसंता रडला. मीही रडलो, लपवत न्हाई. ज्योत्स्ना गोणपाटानं पुसायला बसली, तृप्तीनं बॅटरी धरली.

पुसता पुसता ज्योत्स्नाचा हात थांबला.

पोरीला वाटलं, जन्माची वार चिकटलीय. ती फ्रॉकच्या टोकानं पुसायला लागली. तोंडाचे कोपरे. छाती. पाठ. पुसतच राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "निघंना हे."

शिंगरू अजून ओलं होतं. उभंसुद्धा राहिलं नव्हतं. आणि तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर, छातीवर पट्ट्याच्या जागी, आणि पाठीवर तिरपे दोन... पांढरे केस होते.