खिळ्यावर टांगलेली रोटी

तो मोबाइल खाली ठेव रे, शुहरत. गोष्ट ऐकायची तर चहा घे आणि गप बस. गोष्ट तरी कसली म्हणा, घडलेलंच आहे. आमच्या शेजारच्या हुलकरच्या बाबतीत.

तुमच्या पिढीला काय ठाऊक! माणूस लांब निघाला की रोटीचा एक घास तोंडानं तोडतो, उरलेली रोटी खिळ्याला टांगून ठेवतात. त्याचा वाटा राहिलाय, तो खायला त्याला परत यावंच लागतं. तिचा होणारा नवरा एल्बेक परदेशात, कझानला कामाला निघाला तेव्हा हुलकरनं त्याला आपल्या घरची रोटी चावायला लावली. सोयरीक ठरलेली, म्हणून कुणी काही बोललं नाही. आधी रोज फोन. मग आठवड्यानं. मग कळलं, गड्यानं तिकडेच लग्न उरकलं.

पोरीनं अन्न टाकलं. अंगावर नुसती हाडं राहिली. रोटी मात्र खिळ्यावर. आई उतरवायला गेली की अंगावर धावून जायची.

गेल्या फेब्रुवारीतला पहिला रविवार. संध्याकाळपासून वीज नव्हती, बर्फ पडून थांबला होता. आईनं शेवटी रोटी रुमालात बांधून तिच्या हातात दिली. "जा, त्याच्या आईला नेऊन दे. आपल्या घरात नको ती." हुलकर निमूट निघाली.

त्याच्या आईनं दार अर्धंच उघडलं. "आमचा एल्बेक आता बायकोच्या हातचं खातो, बाई. तुझं शिळंपाकं तुलाच लखलाभ!" दार धाडकन बंद.

परतताना पोर कालव्याच्या पुलावर थांबली. रोटी पाण्यात टाकावी तर पाप. घरी न्यावी तर... तिला रडूसुद्धा येईना. ती खाली काळ्या पाण्याकडे बघत राहिली. बराच वेळ. जरा जास्तच वेळ.

"हुलकर, आत ये गं. गारठशील."

पुलालगतचं मुकर्रम आपाचं घर. खिडकीत दिवा. हुलकर दारापर्यंत गेली, आणि मग तिला आठवलं.

आपा तीन वर्षांपूर्वीच गेली. मयताला आंघोळ घालताना तिच्या अंगावर शेवटचं पाणी हुलकरनंच ओतलं होतं.

पाय मागे वळेनात. दार उघडं. चूल पेटलेली. आपा बसलेली. केस ओले.

भिंतीवर खिळ्याला तिची स्वतःची रोटी. आपाचा नियोजित नवरा लष्करात गेला आणि तिकडेच संसार थाटून बसला. ही जन्मभर वाट बघत राहिली. मेल्यावरही ती रोटी उतरवायचा कुणाला धीर झाला नाही.

आपानं रुमाल सोडला. रोटी मोडली. वाडग्यात चहा ओतून भिजवली.

"खा."

"हा त्याचा वाटा आहे, आपा..."

"त्यानं टाकला. आता तुझा." आपानं भिंतीवरच्या रोटीकडे बोट केलं. "मी माझा खाल्ला नाही. बघ... अजून उपाशी आहे."

हुलकरनं घास घेतला. गिळला. आणि हंबरडाच फोडला. रडत रडत सगळी रोटी संपवली. मग डोळे पुसून खिळ्याकडे पाहिलं.

"आपा... तुमची उतरवू?"

आपानं वाडग्यात पुन्हा चहा ओतला.

दिवा गेला...

पोर धावत घरी आली. दात कडकडा वाजत होते, आणि पहिला शब्द काय? "आई, भूक लागलीय." आई रडायलाच लागली.

तशी बरी आहे आता हुलकर. परवा मलाच म्हणाली, "काका, पोट बघा केवढं सुटलंय." अजून रडते कधीकधी. पण जेवून रडते.

त्या रात्री तिनं सगळं सांगितलं, म्हणून पहाटेच तिचा बाप आणि मी आपाच्या घरी गेलो. दाराला गंजकं कुलूप, तसंच. दगडानं फोडलं. चुलीत कोळ्याची जाळी. खिळ्यावर नुसती दोरी लोंबत होती, रोटी नाही. उंदीर म्हणशील ना, शुहरत? मग तीन वर्षं काय ते उंदीर रोजे धरून बसले होते?

खाली धुळीत चहाचा एक वाडगा होता. तळाशी रोटीचे भिजलेले तुकडे. मी उचलला...

कोमट होता.