निळ्या आमरीचा पत्ता

मामा पंधरा वर्षं जिच्या मागावर होते, ती निळी आमरी, म्हणजे ऑर्किड, शोधायला आम्ही तिघे जंगलात शिरलो. मामा म्हणजे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक, वजन नव्वद किलो. सोबत मी आणि माझा मेहुणा, दोघं मिळून जेमतेम तेवढेच.

मागे एकदा मामांनी दुर्मीळ फुलाचा फोटो हौसेने सगळ्यांना पाठवला होता. फोटोत जागेची नोंद होती. आठ दिवसांत रोपं विकणाऱ्यांनी तो अख्खा उतार मुळासकट साफ केला! मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

"आधी लोकेशन बंद करा!" मामा गरजले. मेहुण्याने फोनच बंद केला. मीही दोन-चार बटणं दाबून मोकळा झालो.

काटेरी झुडपांनी आम्हाला सोलून काढलं. ओढा कमरेपर्यंत! माझा एक बूट वाहून गेला. आणि दुपारी, दरीतल्या एका शेवाळलेल्या फांदीवर, ती दिसली. निळी, इवलीशी, ऐटीत डोलणारी. मामांना रडू आवरेना. दोन तास ते तिच्यासमोरून हलले नाहीत. मग नीट बघायला मागे सरकले, आणि धाडकन आपटले! घोटा मोडला.

"लोकेशन पाठवतो, माणसं येतील," मी म्हणालो.

"इथून? खबरदार! आधी मला ओढ्यापलीकडे न्या."

"मामा, पाय टम्म सुजलाय!"

"सुजू दे. पाय बरा होईल, ती उपटली तर संपलं."

उचललं. चाललो. पडलो. पुन्हा उचललं! मेहुणा धापा टाकत म्हणाला, "भावोजी, त्यापेक्षा फूलच हलवलं असतं!" मामांनी पाठीवरूनच त्याला टपली मारली. तेवढ्यात समोर अस्वल! आमची बोबडी वळली. मामा मात्र वर्गातल्या आवाजात ओरडले, "चल, बाहेर हो!" अस्वल निमूट गेलं.

ओढा ओलांडून जंगलवाटेवर अंग टाकतो तोच जीप आली. आत माझी बायको! शेजारी जीपचा मालक, आमच्या गल्लीतला रोपं विकणारा नर्सरीवाला.

"तुला कसं कळलं?" मी चाट पडलो.

"तुमचं लोकेशन लग्नापासून माझ्याकडे येतं. तुम्ही बंद केलंत ते फक्त कॅमेऱ्याचं! तासभर गोगलगाईसारखे सरकत होतात, म्हटलं काहीतरी झालंय." तिने नकाशावर बोट ठेवलं. "आणि इथे दरीत दोन तास काय करत होतात?"

नर्सरीवाल्याची मान लगेच त्या नकाशावर वाकली. "खरंच की! काय आहे तिथे?"

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"पोट बिघडलं होतं," मी म्हणालो.

"दोन तास?"

"तिघांचंही," मेहुणा पोट दाबत म्हणाला. "फार वाईट. जागा बघवत नाही हो."

नर्सरीवाल्याने झटकन मान मागे घेतली आणि जीपच्या सगळ्या काचा उघडल्या. मामांनी माझा हात घट्ट धरला, तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

मामांचा पाय आता बरा आहे. मी मात्र कुठेही दहा मिनिटं जास्त थांबलो, की बायकोचा फोन येतो, "पुन्हा पोट?" मी मुकाट्याने "हो" म्हणतो. त्या दरीकडे अजून कोणी फिरकलेलं नाही!